हेक्टरचं बाळ का रडलं?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘ग्रीक पुराणकथा आणि आपली मुलं’. मुलांकडे येतेच, पण आधी हेक्टरकडे, ग्रीकांशी लढणाऱ्या ट्रॉय शहराच्या राजपुत्राकडे, जाऊ द्या. या कथांचं वेड मला त्याच्यामुळे लागलं.

नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी मे महिन्यात दुपारी दारं लागायची ती ऊन उतरल्यावरच उघडायची. खिडकीत कूलर घरघरतोय, वाळ्याचा वास सुटलाय, मोठी माणसं आडवी झालीत आणि आम्हा पोरांना आवाज करायची बंदी. नागपूरच्या उन्हानं किती वाचक घडवले, विचारा इथल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना! अशाच एका दुपारी ट्रोजन युद्धाचं मुलांसाठीचं पातळसं पुस्तक हाती आलं. ग्रीकांचा वीर अकिलीज, त्यानं हेक्टरला मारलं, पान उलटलं, तर थेट ग्रीक सैनिक ज्यात लपून ट्रॉयमध्ये शिरले तो लाकडी घोडा. मला चैन पडेना. हेक्टरच्या घरच्यांचं काय झालं? आजी अभिमन्यूची गोष्ट सांगायची तेव्हा त्याच्या बायकोपाशी, उत्तरेपाशी थांबायचीच. इथे कुणी कुणापाशी थांबत नव्हतं.

वाचनालयात मोठ्यांच्या कपाटात अख्खं इलियड, म्हणजे या युद्धावरचं होमरचं महाकाव्य होतं. मी मागितलं. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, “तुले काय समजते यातलं? बालविभागात जाय.” त्या वाक्याचा मला आजही राग आहे. मुलाला काय समजेल हे कपाटावरची पाटी कशी ठरवणार? शेवटी काकांच्या कार्डावर ते पुस्तक घरी आलं.

त्यातला सहावा सर्ग. हेक्टर रणांगणावरून घडीभर शहरात आलाय. बायको आन्द्रोमाखी रडतेय, दाईच्या कडेवर तान्हं बाळ. हेक्टर हात पुढे करतो आणि बाळ किंचाळून दाईला बिलगतं. बापाच्या शिरस्त्राणावर घोड्याच्या केसांचा तुरा हलतोय, त्याला घाबरलंय ते! आईबाप दोघंही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, मग बाळाला उचलून झुलवतो. हे कुटुंब शत्रुपक्षातलं, आणि गाणारा कवी ग्रीक.

चोविसाव्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री अकिलीजच्या गोटात शिरतो. ज्या हातांनी त्याची मुलं मारली त्यांचंच चुंबन घेऊन प्रेत मागतो. ‘तुझा बाप आठव,’ म्हणतो. दोघंही रडतात. आपल्या स्त्रीपर्वात धृतराष्ट्र भीमाला मिठीत घ्यायला निघतो, कृष्ण लोखंडी पुतळा पुढे करतो आणि म्हातारा तो चुरडून टाकतो. दोन्ही बाप खरे आहेत. दोघांना शेजारी ठेवून पाहिलं तेव्हापासून मला महाभारतही जास्त कळायला लागलं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मुद्दा भरभर सांगते. मुलांसाठी कथा छोटी करताना लढाई ठेवतात आणि रडणं गाळतात, ते उलटं करा. इलियड हेक्टरच्या अंत्यविधीवर संपतं, घोडा पुढच्या गोष्टींतला. प्रायम मुलाच्या अंत्यविधीसाठी अकरा दिवस मागतो आणि अकिलीज तेवढे दिवस युद्ध थांबवतो, हे दहा वर्षांच्या पोराला नक्की समजतं. पुस्तकं मोठ्यांच्या कपाटातून खाली आणा. आणि वाचून दाखवा, कारण या गोष्टी मुळात ऐकायच्याच होत्या. होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या महाकाव्यातल्या म्हाताऱ्या अर्गोस कुत्र्याचं सांगायचं राहिलं, ते सतराव्या सर्गात वाचा.

प्रश्नांना दोन मिनिटं आहेत. कुणी पाताळात नेलेल्या पर्सिफनी देवीच्या डाळिंबाबद्दल विचारलं तर मात्र मी पाच घेईन.