दुकान वाढवताना

[ड्रोन. पहाट. लातूरची गंजगोलाई.]

वरून पाहिली की गंजगोलाई बैलगाडीच्या चाकासारखी दिसते. मधोमध देवीचं मंदिर, भोवती गोल दुमजली इमारत आणि तिच्यापासून फुटलेले सोळा रस्ते. १९१७ साली, निजामाच्या राज्यात, हा बाजार उभा राहिला. आखणी फैयाजुद्दीन या नगररचनाकाराची. एकेका रस्त्यावर एकेक धंदा बसत गेला. इकडं सोनं-चांदी, तिकडं चपला, पलीकडं मिरची, त्याच्या पुढं गूळ. भोवतालच्या खेड्यांतला माणूस लग्नाचा बस्ता बांधायला इथं यायचा. आजही येतो.

[सकाळ. शटर वर जाताना. पायरीवर पाण्याचा सडा.]

बोहनीच्या गिऱ्हाइकाला उधारी नसते. पहिला पैसा कपाळाला लावायचा आणि गल्ल्यात टाकायचा. दुकानदार जेवायला गेला तर गल्ल्याकडं शेजारी बघतो. सांगावंही लागत नाही. कुणी आवाज चढवला तर चार जण हातातलं काम टाकून पायरी उतरतात. पोलीस चौकी नंतरची. शंभर वर्षं या बाजाराची राखण आधी केली ती शेजाऱ्याच्या नजरेनं.

दुकानांत होणाऱ्या हल्ल्यांवरच्या या माहितीपटाच्या चित्रीकरणाला आम्ही आलो ते मात्र रात्री नऊनंतर. ही नजर एकेक करून घरी जायला लागते तेव्हा.

[रात्र. तोच रस्ता. एकाच दुकानात उजेड.]

मराठीत दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. 'बंद' हा शब्द धंद्याला लागू नये म्हणून जुन्या माणसांनी तो तोंडातूनच काढून टाकला. आपण नारळ वाढवतो, तसं दुकान वाढवतो.

हे किराणा दुकान बघा. मालक साठीचे आहेत. चेहरा दाखवू नका म्हणाले, म्हणून कॅमेरा त्यांच्या हातांवर आहे. आधी बाहेरची पोती आत. तेलाचे डबे आत. काट्यावर कापड. मग पैसे मिळाले की बोलणारा तो छोटा डबा. त्याची वायर काढली की दुकान एकदम मुकं होतं. मग गल्ला. पाचशेच्या नोटा एका बाजूला, शंभरच्या दुसऱ्या, दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा मांडीवर सरळ करून रबरात. चिल्लर बिस्किटाच्या जुन्या डब्यात. उधारीची वही पिशवीत, कारण ती घरी न्यायचीच. गणपतीपुढची उदबत्ती विझलीय का ते बघायचं. दिवा घालवायचा. शटर कमरेपर्यंत ओढायचं, वाकून बाहेर यायचं, रस्त्याकडं पाठ करून खाली बसायचं आणि दोन कुलपं घालायची. एक डावीकडं, एक उजवीकडं. कुलूप तीनदा ओढून बघायचं. मग हात कपाळाला.

घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं.

या अकरा मिनिटांत सगळी रोकड एका पिशवीत असते, पिशवी एका माणसाच्या हातात असते आणि त्याची पाठ रस्त्याकडं असते. शेजारची शटरं तोवर खाली आलेली असतात.

[कागद. ठळक केलेल्या ओळी.]

अमेरिकेत कामाच्या जागी होणाऱ्या खुनांचा अभ्यास तिथल्या सरकारी संस्थेनं केला. संस्थेचं नाव नायोश, वर्ष १९९६. किरकोळ विक्रीच्या दुकानांत असे खून मोठ्या संख्येनं होत होते. माणूस कशानं धोक्यात येतो याची त्या संस्थेनं यादी केली. पैशांची देवाणघेवाण. लोकांशी थेट संबंध. रात्री उशिरा किंवा पहाटे काम. मौल्यवान मालाची राखण. आणि एकट्यानं किंवा अगदी थोड्या माणसांनी काम करणं.

ही यादी लातूरच्या त्या दुकानात वाचून दाखवली. मालकांनी शेवटच्या मुद्द्यावर मान हलवली, बाकीचं त्यांना नवीन नव्हतं.

[मॉलचं प्रवेशद्वार, छत्रपती संभाजीनगर. धातुशोधक चौकट.]

दुकानातला खून म्हटलं की आज डोळ्यांपुढं परदेशातली चित्रं येतात. टेक्सासमधल्या एल पासोचं वॉलमार्ट, ऑगस्ट २०१९, २३ मृत्यू. बफेलोचं सुपरमार्केट, मे २०२२, १० मृत्यू. टेक्सासच्याच ॲलन गावातला मॉल, मे २०२३. तिथं आठ जण मारले गेले आणि त्यात आपल्या शेजारच्या तेलंगणातली एक तरुण अभियंता होती. सिडनीच्या बाँडाय जंक्शनला एप्रिल २०२४ मध्ये बंदूक नव्हती, चाकू होता. सहा जण गेले. अमेरिकेच्या एफबीआयनं २००० ते २०१३ या काळातले अंदाधुंद गोळीबाराचे १६० प्रसंग तपासले, तेव्हा त्यांतले ७३ व्यापाराच्या जागी घडलेले निघाले. शाळा-महाविद्यालयांपेक्षाही जास्त.

आपल्याकडं मॉलच्या दारात ही चौकट आली ती दहशतवादी हल्ल्यांच्या धास्तीतून. पिशव्या तपासणारी बाई आली. चांगलंच झालं. पण मराठवाड्यातला बाजार मॉलमध्ये भरत नाही.

[मोंढा. हमाल, सोयाबीनची पोती, काटा.]

इथं दुकानावर हात उगारणारा बहुतेक वेळा अनोळखी नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ साली देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे आहेत. हेतूच्या रकान्यात सगळ्यांत वर काय आहे? 'वाद'. ९,९६२. त्याखाली वैयक्तिक वैर. पैशाच्या किंवा लाभाच्या लोभानं झालेले १,८८४. लुटारूची भीती आपण जास्त बाळगतो, जीव जातो तो जास्त करून भांडणात.

वाद म्हणजे काय, ते या बाजारात कुणालाही विचारा. पानटपरीवर सिगारेटचे पैसे. बिअर बारमध्ये बिल. ढाब्यावर भाजी गार आली म्हणून. हातगाडी कुणाच्या जागेवर लावली म्हणून. आणि उधारी.

[वही. जवळून. रेघा मारलेली पानं.]

ही वही उघडायला लातूरच्या त्या किराणा मालकांनी दोन दिवस घेतले. नावं आम्ही झाकली आहेत. डाव्या बाजूला तारीख, मधे माल, उजवीकडं रक्कम, आणि फिटली की आडवी रेघ. मराठवाड्याचं हे खातं पावसावर चालतं. सोयाबीन निघालं, तूर निघाली की पट्टी हातात येते आणि रेघा पडतात. पाऊस फसला, भाव पडला की रेघा थांबतात. किराणावाला माल देतच राहतो, कारण दिला नाही तर गिऱ्हाईक तुटतं. घाऊक व्यापारी त्याच्याकडं मागतो, तो गिऱ्हाइकाकडं मागतो. मागायचं कसं, ही एक विद्या आहे. चार माणसांत मागायचं नाही. बायकोपोरांसमोर तर नाहीच.

"काका, पुढच्या बाजारी देतो की."

"दे बाबा. मी काय म्हणालो का?"

हे संभाषण आम्ही टिपलं. दोघंही हसत होते. पण हेच बोलणं रात्री साडेनऊला, समोरचा पिऊन आलेला, दुकानात तिसरं कुणी नाही, असं झालं तर? मालक म्हणतात, अशा वेळी ते वही काढतच नाहीत. हे शहाणपण त्यांना कुणी शिकवलेलं नाही. पगारावर बसवलेल्या अठरा-वीस वर्षांच्या पोराला ते कोण शिकवणार? त्याला मालकानं सांगितलेलं असतं, पैसे घेतल्याशिवाय सोडू नको. तो सोडत नाही.

[आठवडी बाजार. सराफाची छोटी पेटी, तराजू.]

सराफाची गोष्ट वेगळी. मोठ्या गावातला सराफ खेड्याच्या बाजारी जातो, दिवसभर गाळ्यात बसतो, सांजेला माल पिशवीत भरतो आणि दुचाकीवर परत निघतो. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, मागून येणारी गाडी. 'डोळ्यांत मिरचीपूड टाकून' ही ओळ मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून येते की वाचणारा आता थांबत नाही. पाच किंवा जास्त जण असले तर कायद्याच्या भाषेत दरोडा, कमी असले तर जबरी चोरी. पिशवी सोडली तर माणूस वाचण्याची आशा असते. पण तिच्यात गिऱ्हाइकाचं मोडीचं सोनं असतं, दुरुस्तीला दिलेलं मंगळसूत्र असतं. सराफ ती सहजासहजी सोडत नाही.

[रस्त्याकडेला घिसाडी. भाता, ठिणग्या, घण.]

हे चित्र आम्हाला कापवलं नाही, म्हणून ठेवलंय. नवरा लोखंड धरतो, बायको घण घालते, पोरगं भाता फिरवतं. तयार होतोय तो ऊसतोडीचा कोयता. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती याच पात्याच्या भरवशावर. मूठ लाकडी, टोक आत वळलेलं, धार पाणी पाजून केलेली. वर्षभराचं पोट त्यावर. आता हाच कोयता नाचवत दुकानं फोडणारी पोरं शहरांतून दिसतात. घडवणाऱ्या हातांचा त्यात काय दोष?

[शहागंज, छत्रपती संभाजीनगर. घड्याळाचा मनोरा.]

एक प्रसंग बाजाराचाच म्हणून सांगायला हवा. मे २०१८. आधीची धुसफूस, त्यात अफवा, आणि शहागंज, राजाबाजार, मोतीकारंजा भागात एका रात्रीत दुकानं पेटली. दोन जीव गेले. आज इथं पुन्हा तीच गर्दी आहे, शेजारी शेजारी तीच दुकानं आहेत.

[भिंतीवरचे सीसीटीव्ही कॅमेरे. एकामागून एक.]

आणि नांदेड. एप्रिल २०२२ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला त्याच्या घराच्या दारात भरदिवसा गोळ्या घातल्या. तपासात खंडणीचा धागा निघाला आणि बाजारात ज्यांना फोन येत होते त्यांची झोप उडाली. तो प्रसंग सीसीटीव्ही कॅमेऱ्यात आला होता, नंतर ते चित्रण फोनाफोनांतून फिरलं. तेव्हापासून कॅमेरे वाढले. या एका गल्लीत आम्ही २३ मोजले. कॅमेऱ्यानं आरोपी सापडतो, हे खरं आहे. पण कॅमेरा पायरी उतरून येत नाही.

[गुरखा. शिट्टी, खांबावर काठीचा आवाज.]

हा येतो. रात्रभर फिरतो, कुलपं हलवून बघतो, खांबावर काठी आपटतो. महिन्याला प्रत्येक दुकानाकडून ठरलेली रक्कम घ्यायची, एवढाच करार. कॅमेरे बसल्यावर काही दुकानांनी त्याचे पैसे द्यायचे थांबवले.

[एक दुकान. भिंतीवर हार घातलेला फोटो.]

इथं घडलं ते घरच्यांना पुन्हा सांगायचं नाही. दुकान आता मुलगा चालवतो.

[पेट्रोल पंप, महामार्ग. रात्र. एकच कामगार.]

रात्रीचे पावणेदोन. कमरेला चामड्याची बॅग, बॅगेत रोकड, भोवती अंधार. मालक घरी, व्यवस्थापक घरी. दुसरा कामगार आज आला नाही. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात तीन ट्रक आले आणि एक चारचाकी. तिच्यातली चार पोरं हवा भरायला उतरली आणि बराच वेळ उगाच थांबली. हा मुलगा त्यांच्याकडं न बघता नोटा मोजत राहिला.

आपल्याकडं दुकानांचा कायदा आहे. महाराष्ट्रानं २०१७ साली तो नवा केला. आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा दिली. रात्री काम करणाऱ्या स्त्रियांच्या सुरक्षेची अट घातली, आणि ती योग्यच आहे. पण तो कायदा झाला तेव्हा त्यातल्या बहुतेक तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होत्या. जिथं एकच नोकर आहे तिथं मालकानं धंद्याची सूचना दिली की काम भागतं. जो सर्वांत एकटा, तोच त्या कायद्याच्या बाहेर. मला हे पटत नाही, आणि हा माहितीपट करण्याचं कारणही तेच आहे.

फ्लोरिडामधल्या गेन्सविल शहरानं १९८६-८७ मध्ये नियम केला. रात्री उघड्या राहणाऱ्या छोट्या दुकानांत दोन माणसं हवीत. गल्ल्यात कमी रोकड ठेवायची. काचेवर जाहिराती चिकटवून आतलं दिसेनासं करायचं नाही. तिथली लूटमार बरीच घटली. ती दुसऱ्या माणसामुळं की पोलिसांनी लुटारू पकडल्यामुळं, यावर तिथल्या अभ्यासकांत वाद झाला. पण यातलं आपल्याला न परवडणारं काय आहे? काचेवरचे फलक काढायला पैसे लागत नाहीत. रोकड टाकायला फट असलेली, किल्ली रात्री कुणाकडंच नसलेली लोखंडी पेटी आपला लोहार दोन दिवसांत करून देईल. क्यूआर कोडमुळं गल्ल्यातली रोकड तशीही कमी झालीय. खर्च आहे तो दुसऱ्या माणसाच्या पगाराचा. पंप, औषधांची दुकानं, बार, ढाबे यांना रात्री तो सक्तीचा करा, आणि छोट्या मालकाला झेपत नसेल तर सरकारनं त्यात वाटा उचलावा.

[लातूर. पुन्हा तीच गल्ली. रात्री नऊ चाळीस.]

पहिल्या रात्री ज्यांचे हात पाहिले, तेच हे दुकान. आमचं चित्रीकरण बघून शेजारच्यांनी विचारलं, किती मिनिटं लागली? अकरा, असं सांगितलं. त्यानंतरच्या आठवड्यात चार दुकानदारांनी आपसात ठरवलं, वाढवायचं ते एकाच वेळी. एकाची पाठ वळली की बाकीचे रस्त्याकडं तोंड करून उभे.

[चार शटर. एक खाली. दुसरं. तिसरं.]

चौथ्याचं कुलूप आज लागत नाहीये. गंजलंय. तो तेल आणायला आत गेलाय. बाकीचे तिघं पिशव्या पोटाशी धरून बाहेरच उभे आहेत. गाड्या चालू आहेत, दिवे त्याच्या पायरीवर सोडलेत.