अंगठ्याखालचं चाक

चाकाला बोटानं एक टिचकी मारली आहे. फिरतंय. अजून फिरतंय. मासेमारीच्या काठीला लावायचं चांगलं सेंटरपिन रीळ एवढ्याशा टिचकीवर मिनिटभर फिरत राहतं, आणि आवाज म्हणाल तर कान जवळ नेला तरच येईल.

उघडून पाहिलं तर आत फारसं काही नसतं. मधोमध पोलादाची गुळगुळीत पिन, पिनेवर बसलेलं साधारण ४ इंच व्यासाचं चाक आणि चाकावर तंगुसाची दोरी. काही रिळांत बॉल बेअरिंग असतं, एवढाच फरक. दातेरी चक्रं नाहीत, मासा ओढू लागला की दोरीला आपोआप आवर घालणारा ड्रॅग नाही. मूठ एकदा फिरवली की चाकही एकदाच फिरतं. हल्लीच्या साध्या स्पिनिंग रिळात तेवढ्यात पाचेक वेढे आत येतात. मग आज कुणी हे जुनं रीळ हातात का घ्यावं?

त्यासाठी आधी पाणी समजून घ्यावं लागतं.

नदी वरपासून तळापर्यंत एका वेगानं वाहत नाही. तळाशी वाळू, गोटे, शेवाळ. तिथलं पाणी घासत, रेंगाळत जातं. वरचा थर मात्र पळत असतो. आपला फ्लोट, म्हणजे दोरीला बांधलेला तरंगता तुकडा, त्या पळणाऱ्या थरात आणि गळाला लावलेलं आमिष खाली, सावकाश पाण्यात. फ्लोट मोकळा सोडला तर तो पुढे धावतो आणि आमिषाला फरफटत नेतो. तळाशी बसलेल्या माशासमोरून किडे, पाल्याचे तुकडे, सगळं संथ वाहत चाललेलं असतं, आणि त्यात हा एकच घास घाईत. मासा त्याच्याकडे फिरकत नाही.

म्हणून फ्लोटला थोडं मागे धरायचं. पूर्ण थांबवलं तर आमिष तळ सोडून वर उचललं जातं, तेवढं नको. हा अंगठा बघा. काठी ज्या हातात आहे त्याच हाताचा अंगठा चाकाच्या कडेवर टेकलाय. दाबलेला नाही, नुसता टेकलाय. प्रवाह फ्लोटला ओढतो, फ्लोट दोरीला, दोरी चाकाला, आणि चाकाचा वेग अंगठा ठरवतो. आमिष फ्लोटच्या जरा पुढे जातं, माशाच्या तोंडाशी आधी तेच पोचतं. स्पिनिंग रिळातून दोरी वेटोळ्यांनी सुटते. तिला बोटानं अडवत सोडता येतं, पण ती अडखळत जाते. सेंटरपिनवरून ती सरळ, एकसारखी उलगडते. सगळी गंमत या एका गोष्टीत आहे, असं मला वाटतं.

हे रीळ नावारूपाला आलं ते इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमला, ट्रेंट नदीच्या काठी. १९ व्या शतकात तिथले लोक फ्लोट प्रवाहाबरोबर लांबवर सोडायचे, म्हणून ती पद्धत आजही 'नॉटिंगहॅम पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. सुरुवातीची रिळं लाकडी होती. लाकूड भिजलं की फुगतं आणि चाक अडतं. पुढे १८९० च्या दशकात नॉटिंगहॅमच्याच हेन्री कॉक्सन यांच्या कल्पनेतून आऱ्यांचं, हलकं 'एरियल' रीळ आलं. ते इंग्लंडमधल्याच रेडिचच्या ऑलकॉक कंपनीनं बनवलं. १९०५ मध्ये कापडधंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी न फिरणाऱ्या फिरकीच्या रिळाचं पेटंट घेतलं. आजचं स्पिनिंग रीळ त्याच वंशातलं. त्यानं गळ दूर फेकणं सोपं केलं आणि सेंटरपिन हळूहळू मागे पडलं.

मी शिकायला लागले तेव्हा पहिला अख्खा दिवस गुंता सोडवण्यात गेला. काठी झोकात फिरवली, फ्लोट पाण्यावर पडून थांबला, पण चाक थांबलं नाही. अंगठा उशिरा टेकला होता. तेवढ्यात दोरीचे सैल वेढे चाकावरून उसळले, काही मागच्या बाजूला पिनेत जाऊन बसले. ते काढायला चाकच उतरवावं लागलं. दुसरी चूक त्याहून लपलेली होती. मी चाकावर दोनशे मीटर दोरी भरली होती. ताण आला की वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुततात, मग दोरी सुटताना अडकते आणि फ्लोट पाण्यावर उड्या मारतो. आता मी ऐंशी-नव्वद मीटरच भरते, सपाट आणि घट्ट.

फेकायची घाई करू नका. वॉलिस या इंग्रज मासेमाराच्या नावानं ओळखली जाणारी फेक आहे, तीत दुसऱ्या हातानं दोरी ओढून चाकाला गती देतात. दिसायला सुरेख, पण ती नंतर. आधी काठीच्या कड्यांमधून दोरीचे दोन-तीन फास ओढून घ्या, बोटांत धरा, काठी खालून हलकी झुलवा आणि फास सोडा. फ्लोट पाच-सहा मीटरवर पडेल. पुढचं अंतर नदी नेते.

वजनाचे बारीक मणी फ्लोटपासून गळापर्यंत सारख्या अंतरावर लावलेत. इंग्रज मासेमार या मांडणीला शर्टाची बटणं म्हणतात. दर फेरीला चिमूटभर चारा, तोही प्रवाहाच्या वरच्या अंगाला, म्हणजे बुडत बुडत तो आपल्याला हव्या त्या जागी तळाला लागतो. वारा आला की दोरीचा पाण्यावर बाक पडतो आणि फ्लोट काठाकडे ओढला जातो. मग काठी उंच करून दोरी अलगद उचलायची, फ्लोटच्या मागे सरळ ठेवायची. फ्लोटला कळता कामा नये.

आता ही फेरी बघा. फ्लोट झाडाच्या सावलीत शिरला. अंगठा जरा जड झाला. लाल टोक किंचित कललं, आमिष पुढे गेलं. सावली संपते तिथं टोक नाहीसं झालं.

अंगठा घट्ट, काठी वर. मासा लागलाय!

इथून पुढे मध्ये कुठलंही यंत्र नाही. तो खेचतो तेव्हा अंगठा ढिला होतो आणि चाक उलटं धावतं. मुठी गरागरा फिरतात, त्यांच्या वाटेत बोटं आणू नका, जोरात लागतं. तो थबकला की पुन्हा अंगठा. त्याच्या डोक्याचे झटके थेट त्वचेवर जाणवतात. एक, दोन, मग लांब ओढ. तो काठाकडे वळला की दोरी सैल पडते. तेव्हा मूठ फिरवत बसायला वेळ नसतो. तळव्यानं चाकाच्या कडेला चापट्या मारायच्या, भराभर, आणि दोरी आत घ्यायची.

जाळी पाण्यातच आहे. हात ओले करून घेतलेत, कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. गळ सुटला. तोंड प्रवाहाकडे करून त्याला दोन्ही हातांत सैल धरलंय. कल्ले हलतायत. शेपटीचा एक फटका, आणि हात रिकामे.

नवं आमिष. चिमूटभर चारा, वरच्या अंगाला. कड्यांमधून तीन फास.