दुखण्याचं गाऱ्हाणं
(कुडाळ इथल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय आहे निदान न होणारी दुखणी आणि आम्ही फॅमिली डॉक्टर. त्याकडे येतोच, पण आधी एका बाईंबद्दल सांगू द्या.

काजूच्या कारखान्यात कामाला. बोटं टरफलाच्या तेलाने काळी पडलेली, नखांच्या कडेची सालं निघालेली. कापडाच्या दुकानाच्या पिशवीत चार वर्षांचे कागद: ईसीजी, सोनोग्राफी, मानेचा एमआरआय. कणकवली झाली, कोल्हापूर झालं, गोवा झालं. छातीत धडधड, पोटात गोळा, हातापायांना मुंग्या. रिपोर्ट सगळे नॉर्मल. मी कागद चाळले, बाईंकडे धड बघितलंही नाही आणि म्हटलं, "तुम्हाला काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका."

त्यांनी एकेक कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "डॉक्टरांनु, माका कायच झाला नाय, तर मगे दुखता कित्याक?"

मला उत्तर येत नव्हतं, आणि त्याची चीड मी त्यांच्यावर काढली होती.

आपल्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात, तेव्हा 'तुला काही झालं नाही' असं कुणी म्हणत नाही. सगळं मांडलं जातं आणि मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बाहेरच्या बाधेची मी तरफदारी करत नाही. त्यापायी कर्जात गेलेली घरं मी पाहिलीत. पण लोक तिकडे का वळतात ते मला कळतं. आमच्याकडे मात्र 'जाड फाइल आली' असं कंपाउंडरशी बोलायची पद्धत. मला तिचा संताप येतो.

१९५० च्या दशकात मायकेल बॅलिंट हे मनोविश्लेषक लंडनच्या जीपींना, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांना, एकत्र बसवून अशा पेशंटांबद्दल बोलतं करत. ते म्हणत, डॉक्टर हेच एक औषध आहे. त्याचा डोस मात्र कुठे लिहिलेला नाही.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. तर भराभर सांगतो. २०१३ च्या डीएसएम-५ ने, म्हणजे अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकाने, अशा शारीरिक लक्षणांच्या विकाराच्या निदानातली 'कारण सापडत नाही' ही अटच काढून टाकली. पाय कापलेल्या माणसाचा नसलेला पाय दुखतो, ते दुखणं खरंच असतं. मज्जासंस्था दुखण्याबाबत जास्तच हळवी झाली, तर इजा नसतानाही दुखतं. हे पेशंटला समजावून सांगा. महिन्याचा ठरलेला दिवस द्या, दुखणं वाढायची वाट बघू नका. दरवेळी हात लावून तपासा. त्याच त्या टेस्ट पुन्हा करू नका, पण नवीन लक्षण आलं तर नव्याने बघा.

त्या बाई दर पहिल्या सोमवारी येतात. दुसऱ्या वर्षी वजन उतरलेलं दिसलं, हाताला कंप जाणवला. रक्त तपासलं, थायरॉइड वाढलेला निघाला. त्यावर औषध सुरू केलं, तो आटोक्यात आला. मुंग्या अजून येतात. त्यांचं ऐकायला पुढचा सोमवार आहे.