बिल दर महिन्याला येतंच

(पडद्यावर एका सर्व्हरचं मासिक बिल. कर्सर एकेका ओळीवरून सावकाश खाली सरकतो.)

संकेतस्थळ मोफत असतं ते वाचणाऱ्यासाठी. सर्व्हरचं भाडं, डोमेनचं, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचं, नूतनीकरण, फोटोंची साठवण, बॅकअप, ईमेल पाठवणारी सेवा, या सगळ्याचे पैसे कुणीतरी दर महिन्याला मोजत असतं. लहान सामुदायिक संकेतस्थळांत हे ‘कुणीतरी’ म्हणजे बहुतेकदा एकच माणूस आणि त्याचं एकच कार्ड. त्याची नोकरी गेली, तो आजारी पडला किंवा नुसती कार्डाची मुदत संपली, तरी शेकडो लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं सगळं काही आठवड्यांत दिसेनासं होऊ शकतं.

पडत्या काळात दुहेरी ताण येतो. माहिती आणि आधार शोधणारे लोक वाढतात, म्हणजे सर्व्हरवरचा भार वाढतो. त्याच वेळी त्याच लोकांचे खिसे रिकामे झालेले असतात, म्हणून देणग्या आटतात. अशा वेळी पहिला विचार येतो तो पैसे मागण्याचा. आमचं मत वेगळं आहे. आधी एक आकडा शोधा: संकेतस्थळ नुसतं तग धरून राहायला महिन्याला किती लागतं? जुनं वाचता यावं, नवं लिहिता यावं, बॅकअप होत राहावा, एवढंच धरा. हा ‘तग धरण्याचा खर्च’ माहीत नसेल, तर किती मागायचं, किती साठवायचं आणि काय बंद करायचं, यातलं काहीच ठरवता येत नाही.

(बिलातल्या काही ओळी रंगवल्या जातात.)

त्यासाठी बिल ओळीओळीने वाचावं लागतं. प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे बंद केलं तर नेमकं काय थांबेल? ज्या ओळीचं उत्तर कुणालाच देता येत नाही, तिथे बहुधा विसरलेला खर्च असतो. कधीकाळी चाचणीसाठी घेतलेला सर्व्हर. सर्व्हर काढून टाकला तरी मागे राहिलेली त्याची डिस्क. कशालाच न जोडलेला, पण भाडं चालू असलेला आयपी पत्ता (इंटरनेटवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक). रोज आपोआप तयार होणारे आणि कधीच न पुसले जाणारे स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या-त्या क्षणाच्या प्रती. काढून टाकण्याआधी प्रत्येकाची प्रत घ्या आणि ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

आता वाहतुकीचा हिशेब. एका पानाचं वजन २ एमबी असेल आणि महिन्याला १ लाख वेळा ते उघडलं गेलं, तर २०० जीबी माहिती बाहेर गेली. तेच पान ३०० केबीचं केलं, तर ३० जीबी. वाचक तेवढेच, मजकूर तेवढाच. ज्यांचा डेटा मोजूनमापून वापरला जातो, त्या वाचकांचीही यात बचत होते.

(एक छायाचित्र मोठं दिसतं. बाजूला त्याचा आकार बाइटमध्ये.)

हे वजन बहुतेक वेळा छायाचित्रांचं असतं. फोनवर काढलेला फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद आणि ३ ते ५ एमबीचा असतो. पडद्यावर तो जेमतेम ८०० पिक्सेलमध्ये दिसतो. तोच १६०० पिक्सेल रुंदीचा करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात, दर्जा ७५ ते ८० ठेवून साठवला, तर अनेकदा २०० ते ३०० केबीत बसतो आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. मात्र हे काम घाईने करू नये. फोटो आडवा की उभा ही नोंद फोटोच्या आतल्या माहितीत असते. ती माहिती आधी लागू न करता सरसकट पुसली, तर हजारो फोटो एका रात्रीत आडवे होतात. म्हणून आधी फोटो फिरवायचा, मग आतली माहिती पुसायची. पुसायची मात्र नक्की, कारण फोटो कुठे काढला ते ठिकाणही बऱ्याचदा तिच्यात असतं आणि ते जगजाहीर होण्याचं काही कारण नाही. फाइलचं नाव बदलत असेल, तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमची वळणवाट (रीडायरेक्ट) ठेवा. नाहीतर जुन्या लेखांत रिकाम्या चौकटी राहतात. मूळ फोटो स्वस्त, संथ साठवणीत हलवता येतात. अशा साठवणीत बऱ्याचदा किमान मुदतीची अट असते आणि परत काढायला वेगळे पैसे पडतात, हे आधी वाचून घ्या.

मजकूर तर पाठवताना दाबला (कॉम्प्रेस केला) की फारच लहान होतो. जीझिप या दाबण्याच्या पद्धतीने पानाचा मजकूर सहसा ७० ते ८० टक्के घटतो. एनजिनएक्स या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर जीझिप चालू केलं तरी मूळ मांडणीत ते फक्त एचटीएमएलला, म्हणजे मूळ पानाला, लागू होतं. पानासोबत जाणाऱ्या बाकी फाइलींचे सीएसएस, जावास्क्रिप्ट, जेसन आणि एसव्हीजी हे प्रकार यादीत हाताने घालावे लागतात, आणि नेमकं तेच राहून जातं.

यानंतर कॅशे, म्हणजे तयार पान थोडा वेळ जपून ठेवणं. एखादं पान सेकंदाला २० वेळा मागितलं जातंय असं समजा. कॅशे नसेल, तर दर वेळी डेटाबेस नव्याने पान रचतो. १० सेकंदांचं कॅशे लावलं, की २०० मागण्यांमागे डेटाबेसला एकदाच हात लावावा लागतो. वाचकाला १० सेकंद जुनं पान दिसलं तर काहीही बिघडत नाही. बऱ्याचदा मोठा सर्व्हर घेण्याची वेळ आलीय असं वाटतं, तेव्हा खरं तर एवढंच करायचं राहिलेलं असतं.

यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली गंभीर आहे: लॉग-इन केलेल्या सदस्याचं पान कॅशेत गेलं, तर एकाचे खासगी निरोप दुसऱ्याला दिसतात. म्हणून सत्राची कुकी, म्हणजे पाहुणा ओळखायला त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, असेल, तिथे कॅशे वगळायचं. दुसरी याच्या उलट. काही सॉफ्टवेअर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, लॉग-इन नसलं तरी, सत्राची कुकी देतं. मग कॅशे सगळ्यांनाच वगळतं आणि लावूनही काही उपयोग होत नाही. सर्व्हरच्या नोंदींत कॅशे किती वेळा कामी आलं ते मोजा. लॉग-इन नसलेल्यांच्या बाबतीत ते प्रमाण शून्याजवळ असेल, तर दोष बहुधा इथेच आहे.

(सर्व्हरच्या नोंदी भराभर वर सरकतात.)

या नोंदी नीट पाहिल्या, तर अनेकदा माणसांपेक्षा यंत्रंच, म्हणजे आपोआप पानं उघडत फिरणारे बॉट, जास्त फिरताना दिसतात. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये आपले आकडे मांडले. जानेवारी २०२४ पासून चित्रं आणि चित्रफिती उतरवण्याची वाहतूक ५० टक्क्यांनी वाढली होती, आणि सर्वांत खर्चिक वाहतुकीतला किमान ६५ टक्के वाटा बॉटचा होता. पानं पाहण्यात बॉटचा वाटा मात्र साधारण ३५ टक्केच. ही तफावत समजून घेण्यासारखी आहे. माणसं फिरून फिरून तीच लोकप्रिय पानं वाचतात, आणि ती कॅशेत तयार असतात. बॉट मात्र कुणीही न वाचलेलं जुनं पानसुद्धा मागतो, आणि ते दर वेळी नव्याने रचावं लागतं.

कोणती पानं उघडू नयेत हे बॉटना सांगणारी रोबोट्स फाइल लिहून ठेवावी. १९९४ पासून चालत आलेल्या या संकेताला २०२२ मध्ये रीतसर मानकाचं रूप मिळालं. पण तो पाळणं समोरच्याच्या मर्जीवर आहे. म्हणून बॉट जिथे अडकतात त्या जागाच बंद करा: पुढच्या महिन्यावर टिचकी मारत अनंतापर्यंत जाणारं कॅलेंडर, क्रम आणि गाळणी (फिल्टर) बदलून तयार होणारे एकाच यादीचे शेकडो पत्ते, प्रत्येक पानाच्या जुन्या आवृत्त्यांची तुलना. या सोयी लॉग-इन केलेल्यांपुरत्या ठेवल्या, तर सामान्य वाचकाचं काही अडत नाही. एका आयपी पत्त्यावरून येणाऱ्या मागण्यांना मर्यादा घालताना मात्र हात सैल ठेवा. मोबाइलच्या जाळ्यात असंख्य ग्राहक एकाच आयपी पत्त्याआडून येतात. मर्यादा फार कडक असली, तर बॉटऐवजी तेच अडतात, आणि तक्रार करायलाही आत येऊ शकत नाहीत.

खर्चाला कात्री लावून झाली. आता आवक.

(पडद्यावर दोन रकाने: वार्षिक आणि मासिक.)

देणगीची यंत्रणा निवडताना प्रत्येक व्यवहारामागचं शुल्क पाहा. ते सहसा दोन भागांचं असतं, ठरावीक रक्कम आणि टक्केवारी. समजा ठरावीक रक्कम ३ आहे आणि टक्केवारीही ३. कुणी महिन्याला १० दिले, तर दर वेळी ३.३ जातात. वर्षाच्या १२० मधले ३९.६ गेले, म्हणजे एक तृतीयांश. त्याच माणसाने १२० एकदम दिले, तर जातात फक्त ६.६. म्हणून लहान देणगीसाठी वार्षिक पर्याय पुढे ठेवावा आणि मोठ्या देणगीसाठी मासिक. मासिक देणगीत थोडं शुल्क जास्त गेलं, तरी पुढच्या महिन्याचा अंदाज बांधता येतो, आणि अडचणीच्या काळात तो अंदाज मोलाचा असतो.

नियमित देणगीदार गळतात, ते दर वेळी मन बदलल्यामुळे नव्हे. कार्डाची मुदत संपते, बँक नवं कार्ड देते, वसुली फसते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी साध्या शब्दांत एक ईमेल, फसलेली वसुली काही दिवसांनी पुन्हा करून पाहणं, एवढ्याने बरीच गळती थांबते. आणि ज्यांची कमाईच थांबली आहे त्यांच्यासाठी देणगी काही महिने स्थगित ठेवण्याचं बटण ठळक जागी असू द्या. ते सापडलं नाही, तर माणूस देणगी कायमची रद्द करतो, आणि कधीकधी संकोचाने संकेतस्थळावर येणंही सोडतो. त्याच्या पैशापेक्षा तो माणूस गमावणं जास्त वाईट.

देणगीच्या पानावर एक धोका कायम असतो. चोरलेली कार्डं चालतात का, हे तपासायला भामटे अशीच पानं शोधतात, कारण तिथे रक्कम हवी तेवढी लहान टाकता येते. नोंदींत थोड्याच वेळात अगदी लहान रकमांचे शेकडो प्रयत्न आणि त्यांतले बहुतेक नाकारलेले दिसले, तर हाच प्रकार चालू आहे. खरे कार्डधारक पैसे परत मागतात, त्याचा दंड संकेतस्थळाच्या माथी येतो, आणि पैसे स्वीकारणारी सेवा खातंही गोठवू शकते. किमान रक्कम ठरवा, प्रयत्नांच्या संख्येला मर्यादा घाला, माणूस असल्याची खूण मागा, आणि चालून गेलेले संशयित व्यवहार कुणी मागण्याआधीच परत करा.

आवाहनात आकडा हवा. वर्षाला एवढे लागतात, एवढे जमले, एवढे कमी पडताहेत. ज्यांनी दिले त्यांना पानावरची आवाहनाची पट्टी पुन्हा दाखवू नका, आणि लक्ष्य गाठलं त्याच दिवशी ती सगळ्यांसाठी काढा. वर्षभर लटकणाऱ्या पट्टीकडे कुणी पाहत नाही. जमाखर्च दर तीन महिन्यांनी सगळ्यांना दिसेल असा मांडा, त्यात शुल्कात गेलेले पैसेही दाखवा.

जाहिरातींचा मोह होतो. पण मंदीत जाहिरातदार सर्वांत आधी हात आखडता घेतात, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी हा झरा आटतो. लिहिणाऱ्यांच्या मनाचाही विचार हवा. विकिपीडियावर जाहिराती येतील या शक्यतेवरूनच २००२ मध्ये स्पॅनिश आवृत्तीतले अनेक लेखक बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा मुक्त ज्ञानकोश सुरू केला. जाहिराती आल्या नव्हत्या, नुसती चर्चा झाली होती.

जे जमेल त्यातून आधी गंगाजळी उभी करा: तग धरण्याच्या खर्चाचे १२ महिने. ती वेगळ्या खात्यात असावी आणि खात्यावर किमान दोघांच्या सह्या असाव्यात. बिल परक्या चलनात येत असेल, तर आपलं चलन घसरलं की खर्च आपोआप वाढतो, म्हणून गंगाजळी मोजताना थोडी जास्तच धरा. वर्षाचं भाडं आगाऊ भरलं की सवलत मिळते, पण सेवा देणारी कंपनीच बुडाली तर पैसे अडकतात. बॅकअप दुसऱ्याच कंपनीकडे असेल, तरच आगाऊ भरावं.

(पडद्यावर पायऱ्या एकेक करून उजळतात.)

गंगाजळीही उतरू लागली तर काय बंद करायचं, हा क्रम बरे दिवस असतानाच लिहून ठेवावा. ९ महिन्यांचा पैसा उरला, की चित्रफिती आणि संकेतस्थळाच्या आत शोधण्याची सोय बंद. ६ महिन्यांचा उरला, की नवी छायाचित्रं घेणं बंद, आणि प्रत्येक सूचनेचं वेगळं ईमेल न पाठवता आठवड्याला एकच. ३ महिन्यांचा उरला, की नवं लेखन थांबवायचं आणि सगळं संकेतस्थळ साध्या एचटीएमएल पानांत उतरवायचं. अशा पानांना डेटाबेस लागत नाही, अगदी लहान सर्व्हरही ती सहज पेलतो. याच टप्प्यावर सार्वजनिक मजकुराची पूर्ण प्रत, सदस्यांचे ईमेल आणि खासगी निरोप वगळून, जुनी संकेतस्थळं जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहाकडे सोपवावी. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलं, तर बाहेरच्यांना धावाधाव करून जमेल तेवढं वाचवावं लागतं. ऑक्टोबर २००९ मध्ये लोकांच्या संकेतस्थळांना मोफत जागा देणारं जिओसिटीज बंद झालं, तेव्हा स्वयंसेवकांनी तेच केलं, आणि तरीही सगळं हाती लागलं नाही.

डोमेन मात्र कुठल्याही पायरीवर सोडू नये. डॉट कॉमसारखं डोमेन एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येतं, आणि पैसे हाताशी असताना लांबची मुदत घेणं शहाणपणाचं आहे. मुदत उलटल्यावर सवलतीचे काही दिवस मिळतात, पण किती, ते नोंदणी करणाऱ्या कंपनीवर अवलंबून असतं. मग ३० दिवस जादा शुल्क भरून सोडवून घेता येतं, आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही घेता येतं. नूतनीकरणाच्या सूचना ज्या ईमेलवर येतात, तो पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो, आणि पासवर्ड बदलण्याचा दुवासुद्धा मग पोहोचत नाही. दुसरीकडचा पत्ता द्या आणि तो किमान दोघांच्या हाती असू द्या.