वाण तोच, गुण लागला

पत्रिकेवर आजचा विषय ‘प्रायॉन: घडी चुकलेलं प्रथिन आणि मेंदूचे आजार’ असा छापला आहे. त्याकडे मी येणारच आहे. पण प्रायॉनविषयी बोलायला उभा राहिलो की आधी कुरूबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पाठ्यपुस्तकात कुरूला दोन ओळी मिळतात: पापुआ न्यू गिनी, नरमांसभक्षण, मेंदूविकार. विद्यार्थी मधला शब्द वाचून दचकतात आणि पान उलटतात. ज्या बायकांनी या आजाराचं कोडं सोडवायला मदत केली, त्या त्या दोन ओळींत कुठेच नाहीत. माझी तक्रार आहे ती ही.

फोरे लोक पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात राहतात. ‘कुरू’ हा त्यांचाच शब्द, अर्थ थरथरणं. १९५७ साली व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गायडुसेक या डॉक्टरांनी त्याची नोंद जगापुढे ठेवली, तेव्हा वर्षाला सुमारे २०० माणसं त्यात जात होती. बहुतेक बायका आणि मुलं. आधी चाल डळमळते, मग काठी लागते, मग बसून राहावं लागतं, मग उठताच येत नाही. साधारण वर्षभरात सगळं संपतं, आणि बुद्धी मात्र बराच काळ शाबूत असते. डॉक्टरांना तपासणीत काही दिसण्याआधीच बाईला स्वतःला कळायचं की आपल्याला कुरू झाला. काही रोग्यांना अनावर हसू फुटायचं, म्हणून वर्तमानपत्रांनी ‘हसरा मृत्यू’ असं नाव ठेवलं. ज्या घरात आई जात होती तिथे कुणी हसत नव्हतं. कृपा करून ते नाव वापरू नका.

आजार घराण्यांतून दिसत होता, तेव्हा डॉक्टरांना वाटलं की दोष जनुकात असणार. १९६१ मध्ये शर्ली लिंडनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे मानववंशशास्त्रज्ञ तिथे पोचले. त्यांनी काय केलं? बसून विचारलं. कुणाला झाला? ती तुमची कोण? तिच्याआधी कुणाला? तेव्हा कळलं की कागदावर ‘बहीण’ म्हणून लिहिलेल्या कितीतरी जणी सख्ख्या नव्हत्या, मानलेल्या होत्या. फोरेंमध्ये मानलेलं नातं रक्ताच्या नात्याइतकंच घट्ट असतं. जनुकाचा सिद्धांत ज्या वंशावळींवर उभा होता, त्यांतलं रक्तच पातळ निघालं! शिवाय वडीलधारी माणसं सांगत होती की हा आजार पूर्वी नव्हता, अमुक गावातून तमुक गावात आला. आणि मेलेल्या आप्ताला खाण्याची रीतही फार जुनी नव्हती, तीही त्यांच्या आठवणीतच आली होती. दोन्ही आठवणी शेजारी ठेवल्या की रीत पुढे आणि आजार मागे, असा माग दिसतो.

ती रीत क्रौर्याची नव्हती, हेही सांगायला हवं. आपल्या माणसाला किड्यांनी खाण्यापेक्षा ज्यांनी त्याच्यावर माया केली त्यांनी खावं, अशी ती भावना. खायच्या मुख्यतः बायका, आणि त्यांच्याजवळची लहान मुलं. त्यात मेंदूही आला. पुरुष बहुतेक दूर राहत. आजार बायकामुलांतच का, याचं उत्तर चुलीपाशी होतं. १९६० च्या सुमारास ती रीत थांबली आणि त्यानंतर जन्मलेल्यांना कुरू झाला नाही. आधी ज्यांच्या अंगात शिरला होता त्यांच्यापैकी काहींना मात्र त्याने पन्नासहून जास्त वर्षांनी गाठलं.

या गोष्टीत एक पशुवैद्यही आहेत, विल्यम हॅडलो. मेंढ्यांच्या स्क्रॅपी या रोगावर काम करत होते. १९५९ मध्ये लंडनमध्ये कुरूचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे मेंदूच्या कापांची छायाचित्रं पाहून ते थबकले. चेतापेशींत तीच भोकं! ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला त्यांनी पत्र लिहिलं: स्क्रॅपी एका मेंढीतून दुसरीत टोचून देता येतो, तर कुरू माकडांत टोचून पाहा. चिंपांझींना टोचलं, आणि सुमारे दोन वर्षांनी ते थरथरू लागले. १९६६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. माणसांच्या डॉक्टरांना न दिसलेलं मेंढ्यांच्या डॉक्टरला दिसलं, हे मला अजूनही फार आवडतं.

दहाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे. आता भरभर.

मग टोचलं जाणारं हे काय होतं? टिकवा अल्पर या शास्त्रज्ञ बाईंनी स्क्रॅपीवर किरणांचा मारा करून पाहिला. कुठल्याही विषाणूचं जनुकद्रव्य ज्यात तुटून पडेल, त्यातूनही हा तगला. १९८२ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर म्हणाले की हे नुसतं प्रथिन आहे, आणि नाव दिलं प्रायॉन. ‘प्रोटीन’ आणि ‘इन्फेक्शस’ म्हणजे संसर्गजन्य, या शब्दांतल्या अक्षरांच्या क्रमाने ते ‘प्रोइन’ व्हायला हवं होतं, पण प्रायॉन कानाला बरं लागतं म्हणून त्यांनी स्वर उलटवले. नीट घडीचं हे प्रथिन आपल्या सगळ्यांच्या मेंदूत असतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला; नेमकं तसंच. वाण म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, ती तीच राहते. गुण म्हणजे घडी. घडी चुकलेलं प्रथिन नीट घडीच्या प्रथिनाला चिकटतं, त्याला आपल्यासारखं करतं, आणि रांग वाढत जाते. ब्रिटनमधल्या गाईंचा ‘मॅड काऊ’ रोगही याच जातीचा. १९८६ मध्ये ओळखला गेला, १९९६ मध्ये माणसांत आल्याचं जाहीर झालं. माणसातला याच जातीचा क्रॉइट्सफेल्ट-याकोब आजार वर्षाला दहा लाखांत एकदोघांना होतो, बहुतेकांना काहीही बाहेरून न लागता.

उपचाराची दिशा या म्हणीतच आहे: शेजारी पवळाच नसेल तर? हे प्रथिन मुळातच नसलेल्या उंदरांना १९९३ मध्ये स्क्रॅपी टोचला, त्यांना काही झालं नाही. म्हणून आता प्रथिनाचं प्रमाणच कमी करणाऱ्या औषधांची माणसांवर चाचणी चालू आहे. यात मोठा वाटा सोनिया वल्लभ आणि एरिक मिनिकेल या जोडप्याचा. सोनियांच्या आई प्रायॉनच्याच एका आनुवंशिक आजाराने गेल्या आणि तो जनुकदोष सोनियांतही आहे. दोघांनी आपापले व्यवसाय सोडून हे संशोधन हाती घेतलं.

आणि एक शेवटचं. २००९ मध्ये फोरे भागातल्या काही माणसांत या प्रथिनाच्या १२७ व्या जागी एक बदल सापडला. कुरू झालेल्यांत तो दिसला नाही. २०१५ मध्ये तो उंदरांत घातला, तर त्यांना कुरू होईना. त्या मेजवान्यांत बसूनही ज्या बायका वाचल्या, त्यांच्यातल्या काहींच्या अंगात तो बदल होता.

घंटा झाली. प्रश्न असतील तर घेऊ.