पाणी आगीपर्यंत नेणारी नळी

छोट्या शहराचं अग्निशमन दल उभं राहायचं ते बादल्यांवर. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांच्या दोन रांगा. एकीतून भरलेल्या बादल्या पुढे, दुसरीतून रिकाम्या मागे.

मग हातपंप आला. लंडनच्या रिचर्ड न्यूशमनं १७२१ मध्ये अशा बंबाचं पेटंट घेतलं. आत पाहा: दोन दट्टे आळीपाळीनं वरखाली होतात, मधल्या बंद भांड्यात हवा दाबली जाते आणि तीच हवा पाण्याला एकसारखं ढकलत राहते. हे भांडं नसेल तर धार तुटक-तुटक येते. दांड्यावर जोर लावणाऱ्यांचा दम काही मिनिटांत संपायचा, म्हणून बदली गडी शेजारी उभेच असत.

अशा बंबाची तोटी बंबावरच असे, त्यामुळे तो आगीच्या तोंडाशी न्यावा लागे. यावरचा उपाय होता होज, म्हणजे पाणी पुढे नेणारी लवचिक नळी, आणि या साऱ्या इतिहासात मान द्यायचा तर तो होजलाच. आम्स्टरडॅमचे चित्रकार यान व्हान डर हायडेन यांनी १६७२ च्या सुमारासच चामड्याची होज वापरात आणली होती. तिची शिवण दाबाखाली उसवे. पुढे शिवणीच्या जागी तांब्याचे रिव्हेट आले. चामड्याला चरबी चोळावी लागे, नाहीतर ते कडक होऊन चिरे. नंतरच्या सुती, रबरी अस्तराच्या होजचं दुखणं वेगळं. ती ओली गुंडाळली की बुरशी धरते, सूत कुजतं. जुन्या अग्निशमन केंद्रांना उंच मनोरा दिसतो तो होज टांगून वाळवण्यासाठी. घडीही दर वेळी थोडी सरकवून घालायची. त्याच जागी वारंवार दुमडली की अस्तर तिथेच फुटतं.

१८५३ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत वाफेचा बंब आणि पगारी दल एकत्र आलं. वाफ धरायला वेळ लागतो, म्हणून पुढे केंद्रातच बॉयलर कोमट ठेवण्याची सोय झाली.

फेब्रुवारी १९०४, अमेरिकेतलं बाल्टिमोर. शहरात मोठी आग लागली. मदतीला शेजारच्या शहरांतून दलं आली, पण त्यांच्या होजचे आटे इथल्या हायड्रंटला, म्हणजे रस्त्यावरच्या पाण्याच्या नळजोडाला, बसेनात. १,५०० हून जास्त इमारती जळाल्या. त्यानंतर अमेरिकेत अडीच इंची कपलिंगसाठी (होज जोडायच्या आट्यांच्या तोंडासाठी) इंचाला साडेसात आटे हे प्रमाण ठरलं. छोट्या शहराला हे जास्त महत्त्वाचं, कारण मोठी आग लागली की त्याची सारी भिस्त शेजाऱ्यांवरच.

आज बंबात सेंट्रिफ्यूगल पंप असतो, म्हणजे फिरत्या चाकानं पाणी बाहेर फेकणारा. तो स्वतः हवा ओढून काढू शकत नाही, म्हणून आधी प्रायमिंग, म्हणजे आतली हवा काढून पंप पाण्यानं भरणं. तळ्यातून पाणी उचलण्याची मर्यादा कागदावर सुमारे १० मीटर, प्रत्यक्षात सातच्या आसपास. सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीच्या, एका कपलिंगमधला वायसर झिजला तरी हवा शिरते. पंप फिरत राहतो, पाणी चढत नाही. अशा वेळी आधी वायसर बघावेत, मग नळीच्या टोकाची गाळणी पुरेशी बुडाली आहे का ते. पंप खोलायची वेळ त्यानंतर.