फळीखालचा किंगस्नेक आणि त्याचं गाव

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी निम्मे सर्पमित्र आहेत, तेव्हा साप कसा धरायचा हे मी सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, सॅन डिएगो शहरात राहणाऱ्या एका सापाबद्दल आणि त्याच्या मागे लागलेल्या माणसांच्या एका वेडाबद्दल.

साप म्हणजे कॅलिफोर्निया किंगस्नेक. बिनविषारी, बहुतेक वेळा तीन-साडेतीन फुटांचा. उंदीर, सरडे, पक्ष्यांची अंडी खातो, आणि दुसरे सापही खातो. रॅटलस्नेक हा आपल्या घोणसीच्या कुळातला विषारी साप, त्यालाही आवळून गिळतो; ते विष त्याला सहसा बाधत नाही. अंगावर काळे-पांढरे किंवा तपकिरी-पिवळट आडवे पट्टे असतात. मण्यार बघायची सवय झालेला आपला डोळा पहिल्यांदा दचकतोच.

आता वेड. तिकडच्या काही हौशी लोकांना नुसता किंगस्नेक नको असतो. त्यांना अमुक उपनगरातला, तमुक घळीतला किंगस्नेक हवा असतो, आणि त्याच ठिकाणच्या दुसऱ्याशी जोडी लावून पिल्लं काढायची असतात. याला ते ‘लोकॅलिटी’ म्हणतात.

एवढ्या मोठ्या शहरात साप राहतो कुठे? सॅन डिएगो पठारांवर वसलंय, आणि त्या पठारांना घळींनी चिरा पाडल्या आहेत. उतार इतके उभे की तिथे घरं बांधणं परवडत नाही. त्यामुळे वर बंगले, अंगण, गवत कापायचं यंत्र. आणि कुंपणापलीकडे खाली झुडपांनी भरलेली घळ. अंगणांना पाणी मिळतं म्हणून उंदीर वाढतात, दगडी बांधांत सरडे राहतात. साप वर येतो, पोट भरून खाली जातो. शिवाय रेल्वेच्या कडेच्या मोकळ्या जागा, नदीच्या पात्रालगतच्या पट्ट्या, वर्षानुवर्षं वादात अडकलेले प्लॉट. आपल्याकडे असल्या प्लॉटवर राडारोडा पडतो, तिकडेही पडतो. प्लायवूड, जुने गालिचे, पत्रे. साप त्याखाली दडतात, म्हणून हेच शोधणाऱ्याचं भांडवल.

हंगाम म्हणाल तर पावसाळी हिवाळा सरल्यावरचा वसंत, साधारण मार्च ते मे. माती ओली असते, ऊन कोवळं असतं, फळीखाली ऊब आणि ओल दोन्ही मिळतात. जुलैत त्याच फळीखाली भट्टी झालेली असते, साप केव्हाच जमिनीत उतरलेला असतो. आज टाकलेली फळी उद्या उपयोगाची नसते. तिच्याखालचं गवत मरायला हवं, किडे यायला हवेत, किड्यांमागे सरडे, मग साप.

फळी उचलायची रीत नीट ऐका. फळीच्या मागे उभं राहायचं, पलीकडची कड हुकाने धरायची आणि आपल्याकडे ओढत उभी करायची. म्हणजे खाली रॅटलस्नेक निघाला तर तुमच्या पायात आणि त्याच्यात फळी राहते. बोटं कधीच खाली घालायची नाहीत. साप नसला तरी ब्लॅक विडो हा विषारी कोळी असतो. बहुतेक वेळा सरडा मिळतो, किंवा पेन्सिलीएवढा बारीक सॅलॅमँडर, म्हणजे शेपटीवाला उभयचर. किंगस्नेक निघाला तर चकचकीत वेटोळं क्षणभर तसंच पडून राहतं, मग शेपटी थरथरवत सरकायला लागतं. उचललात की अंगावर घाण सोडणार, तो वास धुऊनही संध्याकाळपर्यंत जात नाही. फोटो झाला की आधी फळी होती तशी ठेवायची, आणि साप तिच्या कडेला सोडायचा, म्हणजे तो आपणहून आत जातो. साप आत ठेवून वरून फळी टाकणारा माणूस मला दिसला तर मी त्याच्याशी बोलणं सोडतो.

या गावात किंगस्नेकला एवढं महत्त्व का, तर लॉरेन्स क्लॉबर. विजेच्या कंपनीतला इंजिनिअर, पुढे तिचा प्रमुख झाला, आणि उरलेल्या वेळात अमेरिकेतला सापांचा मोठा अभ्यासक. सॅन डिएगोच्या किनारपट्टीला काही किंगस्नेकना आडवे पट्टे नसतात, पाठीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक उभी फिकट रेघ जाते. जुने शास्त्रज्ञ त्यांना वेगळी जात मानत. क्लॉबरने माद्यांकडून अंडी मिळवून उबवली, तर एकाच मादीने एका वेळी घातलेल्या अंड्यांतून रेघवाली आणि पट्टेवाली दोन्ही पिल्लं बाहेर आली. १९३६ साली त्याने हे छापलं आणि दोन जातींची एक झाली. हे सगळं जमलं कारण कुठला साप कुठून आला याची तो काटेकोर नोंद ठेवायचा.

तिथून थोडं उत्तरेला, लाँग बीच ते न्यूपोर्ट या किनाऱ्यावर, आणखी एक प्रकार सापडायचा: विस्कटलेली नक्षी, तुटक रेघा आणि गडद पोट. तो भाग आता बहुतेक घरांनी, बंदराने, रस्त्यांनी भरलाय. पण त्या किनाऱ्याच्या नावाचे साप हौशी लोकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वाढताहेत. तुम्ही म्हणाल, वा, म्हणजे वाचला की साप! माझं तसं मत नाही. टबात, म्हणजे साप पाळायच्या डब्यात, वाचलंय ते रूप. ते खरंच त्या किनाऱ्याचं आहे का, हे सापाच्या अंगावर लिहिलेलं नसतं. पहिला साप कुणी, कधी, कुठे धरला आणि त्यानंतरची प्रत्येक जोडी कोणती, हे वहीत असेल तरच. मधे एकाने कुठूनतरी मिळालेला सुंदर नर वापरला आणि सांगितलं नाही, की पुढच्या सगळ्या पिल्लांवरचं नाव खोटं. दिसायला ती तशीच असतात, तीच पंचाईत.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. प्रत्येक घळीची वेगळी लोकॅलिटी करतात. हायवेच्या अलीकडची वेगळी, पलीकडची वेगळी. अहो, तो हायवे होऊन सापाच्या हिशेबाने किती पिढ्या झाल्या? त्याआधी साप इकडून तिकडे जातच होता. म्युनिसिपालिटीची हद्द त्याला कोण सांगणार? उलट एकाच छोट्या घळीतले दोन साप सख्खी भावंडं असायची शक्यता बरीच. म्हणून माझं म्हणणं, नोंद घळीची ठेवा, जोडी लावताना जरा मोठा टापू घ्या. आणि ती नेमकी जागा वहीतच राहू द्या. फोटोसोबत फोनने साठवलेलं ठिकाण जगाला दिसलं, तर पुढच्या रविवारी त्या घळीत एक फळी सरळ राहणार नाही.

आता वीण. शरद सरता सरता खाणं बंद करायचं आणि पोट पूर्ण रिकामं व्हायला दोन आठवडे द्यायचे. पोटात उंदीर राहिला आणि थंडीत ठेवलं, तर तो आत कुजतो आणि साप जातो. मग दहा ते तेरा अंशांत अडीच-तीन महिने अंधारात शीतनिद्रा. वसंतात हळूहळू ऊब, भरपूर खाणं. मादीने कात टाकली की नराकडे न्यायची, पण दोघांची पोटं भरलेली असतानाच, आणि समोर बसून राहायचं. हा साप खाणारा साप आहे. भुकेली मादी नराला नवरा समजेल की जेवण, सांगता येत नाही. एरवी दोघं एका टबात कधीच नाहीत. पुढे अंड्यांपूर्वीची कात, मग ओल्या शेवाळाच्या डब्यात साधारण अर्धा डझन ते डझनभर अंडी. ती पडली तशीच उचलायची, उलटी करायची नाहीत. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांत दोन महिन्यांच्या आसपास. पिल्लू कवच चिरतं आणि नुसतं तोंड बाहेर काढून कधीकधी दिवसभर बसून राहतं. ओढून काढायचा मोह होतो, काढू नका. त्याच दिवशी प्रत्येकाला स्वतंत्र डबा आणि डब्यावर चिठ्ठी. पहिली कात पडल्यावर पिंकी, म्हणजे उंदराचं नवजात पिल्लू. काही हट्टी निघतात, त्यांच्या पिंकीला सरड्याचा वास लावून द्यावा लागतो.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप घरी ठेवताच येत नाही. कॅलिफोर्नियात मासेमारीच्या परवान्यावर हा साप ठराविक संख्येपर्यंत धरता येतो. याचं आपल्या माणसाला हसू येतं. पण धरलेला विकता येत नाही, उद्यानांत आणि राखीव जागांत हात लावता येत नाही, आणि एकदा पाळलेला साप परवानगीशिवाय परत निसर्गात सोडता येत नाही. या शेवटच्या नियमावर हौशी मंडळी सगळ्यात जास्त कुरकुरतात. ‘त्याच घळीतला आहे, तिथेच सोडतोय, काय बिघडलं?’ बिघडतं ते रोगाने. सापांना होणारा एक बुरशीचा आजार कॅलिफोर्नियात पहिल्यांदा आढळला तो २०१९ मध्ये, रस्त्याकडेला मिळालेल्या एका किंगस्नेकमध्येच. दहा टबांच्या खोलीतून बाहेर पडणारं पिल्लू सोबत काय घेऊन जाईल, हे डोळ्यांना दिसत नाही.

आणि चुकीच्या जागी सुटला तर काय होतं, ते स्पेनच्या ग्रॅन कॅनेरिया बेटावर बघा. तिथे मुळात साप नव्हताच. पाळीव किंगस्नेक निसटले किंवा सोडले गेले; १९९८ च्या सुमाराला ते जंगलात दिसू लागले, त्यांत उभ्या रेघेचे आणि पांढुरके अल्बिनोही, म्हणजे थेट टबातली वंशावळ. बेटावरच्या मोठ्या सरड्याला सापापासून पळायची सवयच नव्हती. जिथे हा साप पसरला तिथे त्या सरड्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्याचं २०२१ च्या अभ्यासात आलं. पकडमोहीम अजून संपलेली नाही.

हे ऐकून आपण निर्धास्त व्हायचं कारण नाही. सोसायटीत पकडलेली धामण शेजारच्या टेकडीऐवजी गाडी काढून थेट घाटात सोडणारे आपल्यातही आहेत. तिची जागा, तिच्या अंगावरचे गोचीड, सगळं आपण सोबत हलवतो, आणि नोंदवहीत लिहितो फक्त ‘सुरक्षित अधिवासात सोडली’. कुठे, हा रकाना रिकामा.

राहता राहिला तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच असा प्रश्न: डझनभर पिल्लांचं करायचं काय? सोडता येत नाहीत, परवान्याशिवाय विकता येत नाहीत. पूर्ण नोंदीसकट देता येतील अशी खात्रीची माणसं शोधावी लागतात, आणि ती अंडी पडण्याआधी शोधावी लागतात. तशी माणसं नसतील तर त्या वर्षी जोडी लावूच नये. मादीने एक वर्ष नर पाहिला नाही, तर तिचं काही बिघडत नाही.